गुंगी म्हणजे झोप नव्हे

“उद्या पेपर आहे आणि झोपच येत नाही? घे ना अर्धी गोळी, काही होत नाही!” रिसोड, मानोरा, कारंज्याहून वाशिमला येऊन रूम करून राहणाऱ्या दोस्तांनो, असा फुकटचा सल्ला तुम्हालाही कोणी तरी दिला असेल. गोळी बहुतेक वेळा घरातल्या मोठ्यांच्या डब्यातली असते. ती घेण्याआधी एवढं वाचा.

अल्प्राझोलामसारख्या गोळ्या मेंदूतल्या ‘गाबा’ या रसायनाचा परिणाम वाढवतात. त्यामुळे मेंदूचं काम मंदावतं. निरोगी माणसाचा डोळा थोडा लवकर लागतो, हे खरं. पण या झोपेत हलकी झोप वाढते आणि गाढ झोप घटते. दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं होण्यासाठी तर गाढ झोपच लागते! शिवाय सकाळी डोकं जड, लक्ष लागत नाही. म्हणजे ज्या पेपरसाठी गोळी घेतली, त्याच पेपरला फटका.

पुढचा सापळा मोठा आहे. काही आठवडे रोज घेतली की शरीराला तिची सवय होते. मग एकदम बंद केली तर झोप पहिल्यापेक्षा जास्त उडते आणि वाटतं, ‘गोळीशिवाय आपलं काही खरं नाही.’ दारूसोबत घेतली तर श्वास मंदावून जिवावरही बेतू शकतं.

म्हणूनच १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम ‘एच-१’ यादीत आहे. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाही. मेडिकलवाल्याला प्रत्येक विक्रीची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करून ती तीन वर्षं जपावी लागते. मित्राच्या हातून गोळी घेताना हे सगळं संरक्षण आपण स्वतःच बाजूला सारतो.

डॉक्टरांनी गोळी दिली असेल, तर ती मनाने बंद करू नका, त्यांनाच विचारा. बाकीच्यांनी रोज एकाच वेळी उठावं, संध्याकाळनंतर चहा टाळावा, मोबाइल उशापासून लांब ठेवावा. झोप नाहीच लागली तर उठून बसावं. एका रात्रीच्या जागरणाने वर्ष वाया जात नाही. आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. तिथे मराठीतही बोलता येतं.

झोप येत नाही, हे सांगायला लाज कसली? लपवून गोळी घेण्यापेक्षा ते बोलून दाखवणं केव्हाही बरं.