डाएटवर डाएट फ्री!

मंडळी, सेलची सवय फार वाईट. 'एकावर एक फ्री' अशी पाटी दिसली की गरज एका शर्टाची असताना आपण दोन उचलतो आणि घरी आल्यावर दुसरा अंगात शिरत नाही. यंदा मी हाच पराक्रम डाएटच्या बाबतीत केला.

झालं असं, की ऑफिसच्या वार्षिक चेकअपचा रिपोर्ट आला. एचबीए१सी ५.९. गेल्या साधारण तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेचा अंदाज देणारा हा आकडा. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबिटीस. थोडक्यात, मधुमेह दारात उभा राहून बेल वाजवतोय! माझं वय ३१. बाबांना बारा वर्षांपासून मधुमेह. त्यामुळे हा पाहुणा आमच्या घरी चांगलाच ओळखीचा. त्यात माझं दुसरं दुखणं म्हणजे पोट. रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला ते असं फुगायचं, की जीन्सचं बटण उघडून वर ओढणी टाकून मीटिंगला बसायची वेळ यायची.

पलीकडच्या डेस्कवरची मैत्रीण म्हणाली, "साखरेसाठी कीटो कर." जिममधला ट्रेनर म्हणाला, "पोटासाठी व्होल थर्टी बेस्ट." मी म्हटलं, दोन्ही एकदम करू. एका महिन्यात दोन कामं. सॉलिड आयडिया!

कोण कुठलं?

ज्यांना हे फंडे माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. व्होल थर्टी २००९ मध्ये अमेरिकेत मेलिसा आणि डॅलस हार्टविग यांनी सुरू केलं. तीस दिवस साखर, गूळ, मध बंद. स्टीव्हियासुद्धा बंद. दारू, धान्यं, डाळी, दूध-दही-पनीर बंद. शेंगदाणे हे कडधान्याचे भाऊबंद, म्हणून तेही बंद. साजूक तूप मात्र चालतं. बटाटा, रताळं, फळंही चालतात. वजनकाट्यावर पाय ठेवायचा नाही, कॅलरी मोजायच्या नाहीत. तीस दिवसांनंतर एकेक गट परत खायचा, मध्ये दोन-तीन दिवस थांबायचं आणि पोट काय म्हणतंय ते ऐकायचं. खरं तर सगळा खेळ या शेवटच्या भागासाठीच असतो.

कीटोची गोष्ट वेगळी. त्याचा जन्म वजन कमी करायला झालाच नव्हता. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी फिट्स येणाऱ्या रुग्णांसाठी हा आहार सुचवला. आजही औषधांना दाद न देणाऱ्या मुलांच्या एपिलेप्सीत तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरतात. दिवसाला साधारण २० ते ५० ग्रॅम कर्बोदकं, बाकी भर चरबीवर. मग लिव्हर चरबीतून कीटोन बनवतं आणि शरीर त्यावर चालतं. इथे मात्र प्रत्येक घास मोजायचा. एका पोळीत साधारण २० ग्रॅम कर्बोदकं, एका मध्यम केळ्यात २७. म्हणजे एक पोळी आणि एक केळं खाल्लं की संपला दिवस!

आता गंमत बघा. कीटोवाले ज्या पनीर, चीज, क्रीम आणि स्टीव्हियावर जगतात, ते व्होल थर्टीत बाद. व्होल थर्टीवाले ज्या रताळ्यावर आणि फळांवर दिवस काढतात, ते कीटोत बाद. एक म्हणतो मोजू नका, दुसरा म्हणतो मोजल्याशिवाय तोंड उघडू नका. अशा दोन सासवांच्या हाताखाली मी एकदम नांदायला गेले.

मग राहिलं काय?

हा प्रश्न माझा नाही, आईचा. फ्रिजवर यादी चिकटवली तेव्हा ती चष्मा लावून दोन वेळा वाचून म्हणाली, "अगं, भात नाही, आमटी नाही, ताक नाही, दाण्याचं कूट नाही. मग राहिलं काय? हवा?"

पण आम्ही पडलो कोकणातले, त्यामुळे बरंच काही राहिलं. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं. रवा न लावता तव्यावर परतलेली सुरमई. चिमूटभरसुद्धा साखर न घातलेली सोलकढी. मटण, अंडी, पालेभाज्या, फरसबी, नारळ, बदाम. पहिले चार दिवस मी ऑफिसात डबा उघडला की बाजूचे तीन लोक आपला डबा घेऊन सरकायचे. काही वासामुळे दूर, काही मोहामुळे जवळ.

अडचण आली सोमवारी आणि गुरुवारी. आमच्याकडे ते दोन वार शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. डाळ, पनीर, दही आधीच गेलेलं. उरला कोबी, भेंडी, पडवळ आणि मूठभर बदाम. त्या दिवशी प्रोटीनच्या नावानं ठणठणाट. जे लोक बारा महिने शाकाहारी आहेत त्यांनी ही जोडी जमवायची म्हणजे थट्टाच आहे. आपल्याकडे शाकाहाऱ्याचं प्रोटीन येतंच डाळी आणि दुधातून आणि इथे दोन्हींना पहिल्याच दिवशी नारळ दिलेला.

संकष्टीला तर आणखी मजा. उपवास म्हणजे आपलं जुनं व्होल थर्टीच की! गहू नाही, डाळ नाही. मी आनंदानं स्वयंपाकघरात गेले, तर समोर साबुदाण्याची खिचडी. शेंगदाण्यामुळे व्होल थर्टीतून बाद, साबुदाण्यामुळे कीटोतून बाद. एकाच ताटलीत दोन्ही नियमांचा निकाल!

शिवाय छुपे रुस्तुम वेगळेच. आपल्या डबीतला हिंग निव्वळ हिंग नसतो, त्यात बहुतेक वेळा गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ असतं. बाजारच्या सॉसमध्ये आणि लोणच्यात साखर. घरातून साखरेचा मोह जावा म्हणून मी डबाच उचलून माळ्यावर टाकला. हे वाक्य लक्षात ठेवा.

पाच दिवसांत वजन दोन किलो उतरलं. (हो, काट्यावर चढले. कीटोच्या बाजूनं!) चौथ्या दिवशी डोकं असं दुखलं, की क्लायंट कॉलवर मी स्वतःचंच नाव चुकले. याला कीटो फ्लू म्हणतात. इन्शुलिन कमी झालं की किडनी मीठ आणि पाणी जास्त बाहेर टाकते, त्यानं गरगरतं. मिठाचा रस्सा प्यायला की मला बरं वाटायचं. बीपीवाल्यांनी मात्र हा उपाय स्वतःच्या मनानं करू नये.

सतरावा दिवस

दोन किलो उतरलेले बाबांनीही पाहिले. ते काही बोलले नाहीत. फक्त शुक्रवारपासून भाताला आणि पोळीला 'आज नको' म्हणू लागले आणि माझ्या कढईतली भाजी, माझी सुरमई खाऊ लागले. आईला वाटलं, लेकीला कंपनी देतायत. मलाही बरंच वाटलं. गोळ्या नेहमीप्रमाणे चालू होत्या.

रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला ते पेपर वाचता वाचता गप्प झाले. शर्ट घामानं ओला, हात थरथरत होते. आईनं काय विचारलं तर भलतंच उत्तर. ग्लुकोमीटर लावला. ५८. सत्तरच्या खाली गेलं की धोका, हे आम्हाला बारा वर्षांत पाठ झालेलं. आई ओरडली, "साखर आण!"

आणि साखर माळ्यावर होती.

स्टुलावर चढून सामान खाली ढकलत तो डबा शोधायला मला फार तर दोन मिनिटं लागली असतील. ती दोन मिनिटं मी विसरणार नाही. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी ८४. मग पोळी-भाजी खायला लावली आणि डॉक्टरांना फोन करून दिवसभर थोड्या थोड्या वेळानं तपासत बसलो, कारण गोळीचा असर लगेच उतरत नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाबांना रागावले नाहीत, मला रागावले. बाबांच्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं, तुम्ही भात खा की नका खाऊ. अन्नातली साखर एकदम काढून घेतली आणि गोळी तेवढीच ठेवली, की असंच होणार. त्यांनी आणखी एक सांगितलं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी कीटो केलं तर रक्तात कीटोनचं आम्ल वाढून जिवावर बेतू शकतं आणि मीटरवर साखर फार वाढलेली दिसेलच असं नाही. म्हणजे मधुमेह्यानं कर्बोदकं कमी करूच नयेत का? करावीत, पण आधी डॉक्टरांकडे जाऊन गोळ्यांचा डोस ठरवून. तेच इन्शुलिन घेणाऱ्यांना, किडनीचा त्रास असलेल्यांना आणि गरोदर बायकांना लागू.

एका वेळी एकच

माझा प्रयोग तिथेच संपला. सोमवारी आईनं केलेला वरण-भात पोटभर जेवले. बुधवारी वजन दीड किलो वर आणि पोट जड. झालं, मी डाळीला गुन्हेगार ठरवून मोकळी!

आहारतज्ज्ञ बाईंनी हिशेब समजावला. शरीरात साठवलेल्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. कीटोत तो साठा रिकामा होतो, म्हणून आठवड्यात दोन किलो 'उतरतात'. भात खाल्ला की साठा भरतो, पाणी परत येतं. डाळीचा त्यात काय दोष? त्या म्हणाल्या, "एक्सेलमध्ये दोन आकडे एकदम बदललेस, तर बेरीज कशामुळे बदलली ते कसं कळणार?" ऑफिसातल्या माणसाला कळेल अशा भाषेत कुणी बोललं की पटतं.

मग मी नुसतं व्होल थर्टी केलं. रताळं, फळं खाऊन, न मोजता, तीस दिवस. आणि शेवटचा भाग अगदी नियमानं. आधी डाळी, मग भात, मग दूध, शेवटी गहू. डाळ निर्दोष सुटली. भातही सुटला. दूध परत सुरू केलं त्या संध्याकाळी पाचला जीन्सचं बटण! ऑफिसच्या मशीनमधला पाच वेळचा दुधाचा चहा हा खरा गुन्हेगार. दह्याचा मला काही त्रास नाही. दोन डाएट एकदम करून हे मला जन्मात कळलं नसतं.

साखरेसाठी कीटो केलं नाही. भात निम्मा केला, चहातली साखर बंद, जेवणानंतर वीस मिनिटं चालणं. तीन महिन्यांनी रिपोर्ट ५.७. अजून उंबरठ्यावरच आहे, पण पाहुणा जरा मागे सरकलाय. बाबांचा डोस डॉक्टरांनी बदललाय आणि तेही भात निम्माच खातात, आता सांगून सवरून.

साखरेचा डबा पुन्हा फळीवर आलाय. मी त्याला हात लावत नाही. पण तो कुठे आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि हो, पुढच्या सेलमध्ये एकच शर्ट घ्यायचा ठरवलंय. बघू या!