तालुक्याच्या वकिलाचे शिक्षण

1 जुलै 2024 रोजी तिन्ही जुने फौजदारी कायदे गेले आणि त्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष्य अधिनियम आले. फसवणुकीचे 420 हे 318 झाले. तोंडपाठ क्रमांक असे एका रात्रीत निरुपयोगी ठरल्यावर वकिलांसाठी वेबिनारांचे पेव फुटावे, यात नवल नाही. प्रवासखर्चाविना निष्णात कायदेपंडितांना ऐकता यावे, ही केज-आष्टीच्या वकिलाला एरवी दुर्लभ असलेली सोय होय. परंतु ही व्याख्याने पुष्कळदा इंग्रजीत होतात आणि जुने कलम, नवे कलम अशी कोष्टके मांडून संपतात. कोष्टक तर पुस्तकांच्या दुकानातही मिळते.

बीड जिल्ह्याची गरज निराळी आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, त्या पाडव्याच्या आसपास परततात. बांधाच्या भांडणातून एखाद्यावर खटला चालू असेल, तर या काळातील तारखा चुकतात आणि वॉरंट निघते. अंगावर उचल असलेला तो मनुष्य मुकादमाच्या मिनतवाऱ्या करून येतो, किंवा येतच नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 355 च्या स्पष्टीकरणानुसार दृक्‌श्राव्य साधनाद्वारे दिलेली हजेरीही त्या कलमापुरती जातीची हजेरी धरली जाते. फडावरून हजेरी देऊ द्यावी, असा अर्ज करावयाचा तो वकिलाने. आणि हे कलम वकिलालाच ठाऊक नसले, तर मजुराला ते कोण सांगणार?

कलम 479 चे तसेच. पूर्वी कधी दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ तुरुंगात काढला, की बंधपत्रावर त्याची सुटका व्हावी, असे ते सांगते. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रलंबित खटले मात्र यातून वगळलेले आहेत. जुन्या खटल्यांनाही हे कलम लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 23 ऑगस्ट 2024 रोजी स्पष्ट केले. अर्जाची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर आहे हे खरे; पण पाठपुरावा करणारा वकील नसेल, तर सरकारी फाईल किती हलते, हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको.

डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी शिक्षणाचे गुण जमवावे लागतात. वकिलांवर कायद्याने तशी सक्ती नाही. ती आणून फारसे साधणार नाही. पडद्यावर नाव ठेवून माणूस दुसऱ्या तारखेला जाईल. ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये 1973 च्या दुरुस्तीने राज्य बार कौन्सिलांकडे दोन कामे सोपविली गेली: कायदेविषयक व्याख्याने भरविणे आणि गरिबांसाठी कायदेसाहाय्य संघटित करणे. पहिले काम दुसऱ्याच्या उपयोगी पडावे, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. आणि 21 जुलै 1998 च्या अधिसूचनेने राज्यातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरविली असताना वर्ग मात्र इंग्रजीत का?

21 नोव्हेंबर 2025 पासून कामगार संहिता लागू झाल्या आणि आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा 1979 चा कायदाही इतिहासजमा झाला. त्याला पाच मजूर पुरत. नव्या संहितेतील त्या तरतुदींना दहा लागतात. कर्नाटकात जाणाऱ्या टोळ्यांचा हा प्रश्न आहे. तेव्हा तालुक्याच्या बाररूममध्ये मराठीतून वर्ग भरावेत, विधी सेवा समितीच्या यादीवरील वकिलांना त्यांत पहिली जागा मिळावी, आणि हे सारे दसऱ्याच्या आत व्हावे, अशी मागणी प्रत्येक तालुका वकील संघाकडे लेखी गेली पाहिजे.