चिंचेची चकाकी

दिवाळी आली की घरोघरी एक कत्तल होते. लक्ष्मीपूजनाच्या डब्यातली जुनी नाणी बाहेर निघतात, चिंच-मीठ लावून खसाखसा घासली जातात आणि मग कौतुक, "बघा, कशी नव्यासारखी झाली!"

नव्यासारखी? छे हो!

१९६८ ते १९७१ मधलं कमळाचं, पितळी रंगाचं २० पैशांचं नाणं घ्या. टांकसाळीत ठसा आपटतो तेव्हा धातू कडेकडे सरकतो आणि त्यावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. कोरं नाणं दिव्याखाली तिरपं धरून हलवलं, की उजेडाचा पट्टा चाकाच्या आरीसारखा गोल फिरतो. ही टांकसाळीची खरी झळाळी. चिंचेचं आम्ल धातूचा वरचा थर खातं, घासणी ओरखडे काढते आणि त्या रेषा कायमच्या जातात. घासलेलं नाणंही चमकतं, पण तो पट्टा काही फिरत नाही.

नाणं किती वापरलंय ते उंचवट्यांवर बघायचं, कारण झीज आधी तिथे होते. सिंहांचे चेहरे बघा, छातीवरची आयाळ बघा. नाणं काळवंडलंय पण आयाळ सुटी सुटी दिसते? मग ते उत्तम. लखलखीत आहे पण सिंहांना नाक-डोळेच उरले नाहीत? मग ते झिजलेलं, कितीही घासा. स्टीलचा रुपया तर १९९२ पासून हजारो हातांतून फिरूनही चमकतोच. मग चमक सांगणार काय, कपाळ?

आणि याच चमकेवर भाळणाऱ्यांना काही विक्रेते घासलेली नाणी 'अनसर्क्युलेटेड' म्हणून विकतात. उलट खरोखरच कोऱ्या नाण्यावर पिशवीत एकमेकांवर आपटून उठलेले चरे दिसले, की आपण ते नाक मुरडून बाजूला ठेवतो!

"मग पूजेत काळी नाणी ठेवायची का?" ठेवा की! तो काळसरपणा बहुतेक वेळा घाण नसतो. वर्षानुवर्षांच्या हवेने धातूवर आलेला थर असतो. अगदीच धूळ-कुंकू साचलं असेल तर साध्या पाण्यातून काढा आणि मऊ कापडाने टिपा. पुसू नका, टिपा. घासायचीच हौस असेल तर आजची पाच रुपयांची पिवळी नाणी आहेतच, वाण्याकडे हवी तेवढी मिळतील.

२५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. डब्यात आहेत तेवढीच आपली. आजोबांच्या कोटाचा खिसा, कंडक्टरची चामडी पिशवी, भाजीवालीचं गोणपाट असं फिरून जे झिजलं, त्याने ती झीज कमावलेली आहे. घासून आलेल्या चकाकीत कमाई कुणाची? चिंचेची.

असो. समस्त काकू-मावश्यांना कोपरापासून नमस्कार. यंदा डबा उघडायच्या आधी चिंच तेवढी आमटीत टाका.