पाच महिने आणि त्याआधीची अडतीस वर्षे

आधी आराखडा केला की लेखनातला जीव जातो, असं मानणारे पुष्कळ आहेत. लिहायला बसावं, सुचेल तसं उतरू द्यावं. त्यांना दाखला हवा असेल तर ‘गीतारहस्या’चा देता येईल: मंडालेच्या तुरुंगात, शिसपेन्सिलीने, २ नोव्हेंबर १९१० ते ३० मार्च १९११ एवढ्या अवधीत टिळकांनी ते लिहून काढलं.

पण हा दाखला त्यांच्याच विरुद्ध जातो. १८७२ साली, वडिलांच्या अखेरच्या आजारात त्यांना गीतेवरची टीका वाचून दाखवताना टिळकांचा गीतेशी परिचय झाला. १९०२ मध्ये नागपूरच्या व्याख्यानात त्यांनी आपलं प्रतिपादन मांडलं होतं. तुरुंगात लिहिलेल्या वह्या सरकारने परत दिल्या नाहीत तर ग्रंथ डोक्यात आहे, सिंहगडावर बसून पुन्हा लिहीन, असं ते म्हणाल्याचं सांगतात. रचना पक्की असलेला माणूसच असं म्हणू शकतो.

प्रकरणांचा क्रमच पाहा. खरा वाद संन्यास आणि कर्मयोग यांच्यातला, पण तो येतो थेट अकराव्या प्रकरणात. आधी ‘कर्मजिज्ञासे’त कर्तव्याचा पेच, मग आधिभौतिक सुखवादाची झडती, सदसद्विवेकाला प्रमाण मानणाऱ्यांना उत्तर, सांख्य, अध्यात्म. प्रतिपक्षाच्या वाटा एकेक करून बंद होतात, तेव्हा कुठे मुख्य मुद्दा पुढे येतो. कुठे पोचायचं हे ठाऊक नसणाऱ्याला इतका धीर धरता येत नाही. तो पहिल्याच पानावर निष्कर्ष सांगून मोकळा होतो.

लिहिता लिहिता नवं सुचतं, हे मला पूर्ण मान्य आहे. मात्र सुचलेलं कुठे बसवायचं आणि कशाला बाहेर ठेवायचं, हे सांगाडा असेल तरच ठरवता येतं.

मग आराखड्याची ही नावड आली कुठून? माझ्या मते, शाळेतून. ‘दिलेल्या मुद्द्यांवरून निबंध लिहा’ या प्रश्नात विचाराचं सगळं काम प्रश्नपत्रिका काढणारा उरकतो आणि मुलाच्या वाट्याला फक्त वाक्यं जुळवणं येतं. प्रस्तावना, फायदे, तोटे, समारोप या साच्यात नदीही बसते आणि मोबाईलही. असं लेखन निर्जीवच होणार, कारण मुद्दे उसने असतात. मुलांना नुसता विषय द्यावा, मुद्दे त्यांचे त्यांना काढू द्यावेत, हाच मुद्दा आधी का आणि तो नंतर का हे विचारावं, आणि मुद्द्यांच्या त्या कच्च्या पानालाही गुण द्यावेत.