उर्वरित मृत्यू

कोविडच्या साथीतले महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाचे ते रोजचे प्रसिद्धिपत्रक वाचकांना आठवत असेल. संध्याकाळ झाली की व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडायचे. नवे बाधित किती, बरे होऊन घरी गेले किती, गेले किती, एवढे वाचून आपण ते पुढच्या गटावर ढकलायचो. मृत्यूंच्या आकड्याखाली एक वाक्य असे, ते फार थोड्यांनी वाचले असेल. आज नोंदलेल्या मृत्यूंपैकी इतके मागील ४८ तासांतले, इतके मागील आठवड्यातले, आणि उर्वरित मृत्यू त्याहून जुने. ही ‘उर्वरित’ मंडळी कुठे होती इतके दिवस? दुसऱ्या लाटेत त्यांची संख्या वाढत गेली आणि तरीही हा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही.

दिवाळी अंकात मरणाचा हिशेब कशाला, असे आमच्याच बैठकीत एकाने विचारले. शंका रास्त होती. पण २०२५ च्या मे महिन्यात, सीमेवरच्या बातम्यांच्या गर्दीत, २०२१ सालच्या देशभरातील जन्ममृत्यू नोंदणीचा अहवाल चार वर्षांनी बाहेर आला आणि दोन दिवसांत विसरलाही गेला. त्यात जे आहे ते वाचल्यावर हा विषय टाळणे आम्हाला जमले नाही.

मृत्यूंच्या मोजणीतल्या घोळाची सुरुवात स्वॅबपासून झाली. साथीच्या आरंभी देशभरातले नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे येत. राज्यातले पहिले रुग्णही पुण्यातच सापडले, ९ मार्च २०२० ला, दुबईहून परतलेले दांपत्य. तेव्हाचा नियम असा, की माणूस परदेशातून आलेला हवा, नाहीतर तशा माणसाच्या संपर्कातला. तीव्र श्वसनविकाराने रुग्णालयात दाखल झालेल्या कुणाचीही तपासणी करायला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २० मार्चला परवानगी दिली. त्याआधी इचलकरंजीतला एखादा यंत्रमाग कामगार धाप लागून गेला असेल, तर त्याला काय झाले होते हे तपासण्याची सोयच नव्हती. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचे नमुने पहिले काही महिने घाट चढून मिरजेला जात होते. खासगी तपासणीची कमाल किंमत सुरुवातीला ४,५०० रुपये होती. राज्यात ती उतरत उतरत ५०० वर आली ती मार्च २०२१ संपताना, म्हणजे दुसरी लाट डोक्यावर आल्यावर. तपासणी स्वस्त झाली आणि अहवालाला चार-चार दिवस लागू लागले.

मग लोकांनी आपली वाट काढली. ‘स्कोअर किती?’ हा त्या वसंतातला प्रश्न होता. आरटी-पीसीआर निगेटिव्ह, छातीच्या सीटी स्कॅनचा (एचआरसीटी) स्कोअर १८, ऑक्सिजन ८२. असा माणूस कोविड वॉर्डात दाखल व्हायचा. त्याचा मुलगा रेमडेसिविरची चिठ्ठी घेऊन गावभर फिरायचा. माणूस गेला की त्याला पिशवीत बांधून पालिकेची माणसे परस्पर दाहिनीकडे न्यायची, तोंडही पाहता यायचे नाही. उपचार कोविडचे, अंत्यसंस्कार कोविडचे, आणि कागदावर ‘संशयित’. अशा मृत्यूंसाठी आयसीएमआरने मे २०२० मध्येच सूचना काढल्या होत्या, त्यांना यू०७.२ असा वेगळा संकेतांकही होता. पण संध्याकाळच्या पत्रकात चढायचे ते चाचणी पॉझिटिव्ह आलेले. स्मशानातली वही आणि आरोग्य खात्याची वही जुळत नव्हती, म्हणून त्या दिवसांत एवढे वाद झाले. दोन्ही वह्या आपापल्या जागी खऱ्या असू शकत होत्या, हे मात्र कुणी नीट सांगितले नाही.

मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला ‘नमुना ४’वर भरतात. पहिल्या ओळीत तात्कालिक कारण, त्याखाली ते कशामुळे उद्भवले, आणि तळाला मूळ कारण. आकडेवारीत मोजायचे ते तळाचे. सलग कितव्यांदा तरी रात्रपाळी करणारा निवासी डॉक्टर वरच्या ओळीत ‘श्वसनक्रिया बंद पडणे’ लिहून आणि तळाला मधुमेह टाकून सही करून मोकळा झाला असेल, तर त्याला आम्ही दोष देणार नाही. घरीच मरण पावलेल्यांच्या वाट्याला तेवढाही कागद आला नाही. ग्रामसेवकाच्या वहीत नातेवाईक सांगतील ते कारण, म्हणजे ‘अटॅक’ नाहीतर ‘वृद्धापकाळ’. २०२० मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या शंभर मृत्यूंपैकी जेमतेम बावीस-तेवीस मृत्यूंचे कारण डॉक्टरने लिहिलेले होते. ज्या देशात एरवीही चारातल्या तिघांचे मरण कारणाविना नोंदले जाते, तिथे साथीच्या काळात अचूक आकडा येणार कुठून?

राजकारणाने या गोंधळावर फोडणी दिली. जून २०२० मध्ये तेव्हाचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी मुंबईतले साडेनऊशेच्या आसपास मृत्यू दडवल्याचा आरोप केला. त्याच सुमारास, १६ जूनला, राज्याने १,३२८ जुने मृत्यू एकदम यादीत घातले. त्यांतले ८६२ मुंबईचे. ‘ताळमेळ’ हा शब्द तेव्हापासून रूढ झाला. ही दडपादडपी होती की दिरंगाई? आमच्या मते दोन्हींचे मिश्रण, पण दिरंगाईचा भाग मोठा. आणि उशिरा का होईना, महाराष्ट्राने ते मृत्यू पदरात घेतले हेही नोंदवायला हवे. त्याचे फळ असे, की १ लाख ४८ हजार मृत्यूंसह आपण देशात पहिले आणि सर्वांत बदनाम. बिहारचा आकडा पाटणा उच्च न्यायालयाने दट्ट्या लावल्यावर जून २०२१ मध्ये एका दिवसात ५,४५८ वरून ९,४२९ वर गेला. गुजरातची गोष्ट तर आणखी बोलकी. तिथले अधिकृत मृत्यू १० हजारांच्या घरात. पण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने वारसांना ५० हजारांचे सानुग्रह सहाय्य द्यायची वेळ आली, तेव्हा जानेवारी २०२२ पर्यंत त्याच सरकारने ६८ हजारांहून अधिक अर्ज मंजूर केले होते. पत्रकात नसलेली माणसे तिजोरीच्या खिडकीवर निघाली. महाराष्ट्रातही तोवर २ लाखांवर अर्ज आले होते. अर्ज म्हणजे मंजुरी नव्हे, तरी दोन आकड्यांमधली दरी उघड आहे.

नाशिकचे एक उदाहरण दिल्यावाचून पुढे जाता येत नाही. २१ एप्रिल २०२१ ला तिथल्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खंडित झाला आणि २२ जण गेले. तीन महिन्यांनी राज्यसभेत तेव्हाच्या केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांचे लेखी उत्तर आले, की ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचे राज्यांनी वेगळे असे कळवलेले नाही. मंत्री नाशिक जिल्ह्यातल्याच. राज्यात तेव्हा सरकार विरोधी आघाडीचे होते, पण त्यांचे आरोग्यमंत्रीही ऑक्सिजनअभावी कुणी दगावले नाही असेच सांगत होते. एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन पक्ष या एका बाबतीत एकाच सुरात बोलले.

५ मे २०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेने अंदाज जाहीर केला. २०२० आणि २०२१ मिळून भारतात ४७ लाख जादा मृत्यू. अधिकृत आकडा होता ४ लाख ८१ हजार. केंद्राने गणिती प्रारूपावर आक्षेप घेतला. तो सगळाच उडवून लावण्याजोगा नव्हता. जादा मृत्यूंत डायलिसिस चुकल्याने गेलेलेही येतात, वेळेवर रुग्णवाहिका न मिळालेलेही येतात. पण आता सरकारचीच वही, म्हणजे सुरुवातीला उल्लेखलेला नोंदणी अहवाल, समोर आहे. देशात २०१९ मध्ये ७६ लाख ४० हजार मृत्यू नोंदले गेले, २०२० मध्ये ८१ लाख २० हजार, आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. नोंदणी सुधारली म्हणून आकडा वाढतो, हे मान्य. तसा तो आधी वर्षाला पाच-सहा लाखांनी वाढतच होता. कार्यालये अर्ध्या उपस्थितीत चालत असताना एका वर्षात २१ लाखांची भर नोंदणी सुधारल्याने पडली, यावर विश्वास ठेवायला आम्ही तयार नाही. त्या वर्षीचे अधिकृत कोविड मृत्यू साडेतीन लाखांच्याही आत होते.

मोजणीचा असा घोळ पूर्वीही झाला होता. १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आपल्याकडे ‘मानमोडी’ म्हणून ओळखली गेली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांचा देशासाठीचा सरकारी अंदाज ६० लाखांच्या आसपास थांबला. पुढे १९२१ ची जनगणना झाली, दहा वर्षांत लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटलेली दिसली, आणि त्या आधारे अभ्यासकांचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत गेले. परक्या सरकारची आस्था कितपत होती ते सोडा, डोकी मोजण्याचे काम त्यांनी वेळेवर केले. आपली २०२१ ची जनगणना झालीच नाही. आता ती १ मार्च २०२७ च्या संदर्भ-तारखेने होईल. तोवर साथीला सात वर्षे होतील आणि कितीतरी घरे मोडून, वाटण्या होऊन, पुण्या-सुरतेला निघून गेलेली असतील.

आमची मागणी साधी आहे. राज्य सरकारने २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत नोंदलेले सर्व मृत्यू तालुकावार, प्रभागवार आणि महिनावार जाहीर करावेत. कारण लिहू नये. कोविड होता की नव्हता, या वादात पडू नये. नुसती संख्या द्यावी. या नोंदी जागच्या जागी आहेत, नव्याने काही गोळा करायचे नाही, आणि एकाही मृताचे नाव उघड होत नाही. एप्रिल २०२१ ची रांग एप्रिल २०१९ शेजारी ठेवली की शाळेतले पोरही वजाबाकी करील.

सरकार करील तेव्हा करील. वाचकांना विनंती आहे, की आपल्या ग्रामपंचायतीतून किंवा नगरपालिकेतून, गरज पडल्यास माहिती अधिकारात अर्ज करून, या पाच वर्षांची महिनावार संख्या मिळवावी आणि आमच्या पत्त्यावर पाठवावी. नावे नकोत, कारणे नकोत. जेवढी गावे येतील तेवढी पुढच्या दिवाळी अंकात जशीच्या तशी छापू.



– संपादक