विंधन विहिरीचा रॉड कोणी निवडावा?

खेड तालुक्यात पावसाळ्यात जगबुडीस पूर येतो, आणि होळी होऊन गेली की सड्यावरील वाड्यांत हंडे रांगेस लागतात. पडणारे पाणी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक. पण जांभा ते जितक्या लवकर पितो तितक्याच लवकर उतारावरील झऱ्यांतून सोडून देतो. अशा स्थितीत नवी कलमे जगविण्यासाठी शेतकरी विंधन विहिरीकडे वळला, तर त्यास दोष देता येणार नाही. पाणाड्या येतो, जागा ठरते, मग बोअरची गाडी येते आणि फुटाचा दर ठरतो. छिद्र किती इंची हेही कोणी कोणी विचारतात. परंतु ते छिद्र कोणत्या जाडीच्या रॉडने पाडले जाणार आहे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो गाडीवाल्याच्या मर्जीवर सोडलेला असतो. माझ्या मते तो शेतकऱ्याने स्वतः विचारला पाहिजे व त्याचे उत्तर काम सुरू होण्यापूर्वी घेतले पाहिजे.

याचे कारण समजण्यास यंत्राचे काम कसे चालते हे पाहावे. काळ्या कातळात छिद्र पाडणारा हॅमर खाली तळाशी असतो. कॉम्प्रेसरची दाबाखालील हवा रॉडच्या पोकळीतून खाली जाते, हॅमरला ठोके देते आणि बिटाखालून बाहेर पडून रॉड व छिद्राची भिंत यांमधील मोकळ्या जागेतून वर येते. फुटलेल्या दगडाचा चुरा वर आणणारी हीच हवा. ती जोराने वर आली तर चुरा बाहेर पडतो. मंद आली तर जड कण अर्ध्यातून परत खाली बसतात, बिट तोच चुरा पुन्हा पुन्हा दळत राहते, फूट पुढे सरकत नाहीत व डिझेल मात्र जळत राहते. पुढे एखादे वेळी हॅमर अडकतो. जी मोकळी जागा राहते ती छिद्र आणि रॉड यांच्या जाडीतील फरकावर अवलंबून असते. म्हणून रॉडची जाडी ही गाडीवाल्याची खासगी बाब नव्हे.

हिशेब अवघड नाही. चुरा नीट वर येण्यासाठी हवेचा वेग मिनिटास निदान ३,००० फूट असावा, असा या धंद्यातील सर्वमान्य ठोकताळा आहे. समजा, छिद्र साडेसहा इंची आहे आणि कॉम्प्रेसर मिनिटास ४५० घनफूट हवा देतो. रॉड साडेचार इंची असेल तर हवेचा वेग सुमारे ३,७५० फूट येतो, काम चालते. रॉड साडेतीन इंची असेल तर तोच वेग २,७५० फुटांवर उतरतो. तीन इंची रॉडने तो २,५०० फुटांच्याही थोडा खाली जातो. बारीक रॉडने काम करावयाचे तर कॉम्प्रेसर मोठा हवा. ६०० घनफुटांचा कॉम्प्रेसर असेल तर साडेतीन इंची रॉडही चालून जातो, कारण वेग मग ३,६०० फुटांच्या वर राहतो. जुन्या कॉम्प्रेसरची हवा पाटीवर लिहिलेल्या आकड्याइतकी भरत नाही, हेही लक्षात ठेवावे. उलट रॉड छिद्राला अगदी भिडत आला तर चुऱ्याला वाटच उरत नाही. तेव्हा जाड तितका चांगला, असाही नियम करू नये.

जाड रॉडचा आणखी एक गुण आहे. तो कमी वाकतो, म्हणून छिद्र सरळ उतरते. वाकडे छिद्र वरून दिसत नाही; पंप उतरविताना ते कळते, आणि काही वेळा तो वर काढताना. पंप अडकला की बोअर आणि पंप दोन्ही गेले.

आता आपल्या जमिनीविषयी. घाटमाथ्याच्या पायथ्याकडे कातळ लवकर लागतो. पश्चिमेकडील सड्यांवर मात्र आधी जांभा, त्याखाली पांढुरकी-पिवळी मऊ चिकणमाती आणि मग काळा कातळ, असा क्रम बहुधा आढळतो. जांभ्यात पोकळ्या असतात. त्यांत हवा पळून जाते व चुरा वर येईनासा होतो. अशा वेळी रॉडचा हिशेब कितीही बरोबर असला तरी उपयोग नाही. खालची माती थोडी ओली असली की चुऱ्याचा चिखल होऊन रॉडभोवती कडे धरतो. म्हणून जांभा व माती यांतून जाणारे वरचे छिद्र आठ इंच किंवा अधिक रुंद घ्यावे, त्यात केसिंग पाईप उतरवून तो घट्ट कातळात काही फूट रोवावा, आणि मग साडेसहा इंची बिटाने पुढे जावे. केसिंगचा आतील व्यास हे बिट सहज उतरेल इतका असावा. केसिंगचे फूट महाग पडतात म्हणून ते मातीतच थांबविण्याचा मोह होतो. तसे केलेल्या विहिरीत पावसाळ्यात माती ढासळते, पाणी गढूळ येते व पंप झिजतो. काटकसर करावयाची असेल तर ती अन्यत्र करावी.

ती कोठे करावी, तेही सांगतो. रुंद छिद्राला पाणी जास्त लागते हा समज सोडावा. आपल्या कातळात पाणी भेगांतून येते. भेग लागली नाही तर दहा इंची छिद्रही कोरडेच. पाणी लागले तरी व्यास दुप्पट केल्याने आवक साधारणतः दहा टक्क्यांच्या आसपासच वाढते. वाढतो तो साठा: शंभर फूट पाण्याच्या उंचीस साडेचार इंची छिद्रात सुमारे ३१० लिटर, साडेसहा इंचीत ६५० लिटर. १९७२ च्या दुष्काळानंतर राज्यात गावोगावी विंधन विहिरी झाल्या तेव्हा त्यांवर हातपंप बसत, आणि हातपंपास साडेचार इंची छिद्र पुरे होते. आज चार इंची पाणबुडी पंप त्यात उतरविणे म्हणजे तंग अंगरखा घालण्यासारखे आहे. बागेसाठी साडेसहा इंच योग्य. त्याहून मोठ्याचा आग्रह धरू नये.

यावर गाडीवाला म्हणेल की, माझ्याकडे रॉडचा एकच संच आहे, गिऱ्हाइकागणिक तो बदलू कसा? त्याचे म्हणणे खरे आहे, आणि तो बदलावा असे मी म्हणत नाही. त्याच्या संचाला व कॉम्प्रेसरला जे छिद्र साजते तेच त्याच्याकडून पाडून घ्यावे. आपल्याला हवे ते छिद्र त्यात बसत नसेल तर दुसरी गाडी पाहावी. फुटामागे चार पैसे कमी सांगणाऱ्यापेक्षा ज्याचे यंत्र जुळते तो स्वस्त पडतो.

रॉडची जाडी तपासण्यास कोणत्याही उपकरणाची गरज नाही. रॉडच्या मधल्या भागाभोवती सुतळी गुंडाळून घेर मोजावा. घेर १४ इंच भरला तर रॉड साडेचार इंची, ११ इंच भरला तर साडेतीन इंची समजावा. साडेचार इंची म्हणून सांगितलेल्या रॉडचा घेर १३ इंच भरत असेल तर तो फार झिजला आहे. अशा रॉडचे आटे तुटून हॅमरसकट तो खाली राहण्याचे भय असते.

खोलीबाबत एवढेच की, राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमानुसार ६० मीटर किंवा त्याहून खोल विहीर ही खोल विहीर ठरते व तिच्यावर निर्बंध आहेत. त्या खोलीकडे जाण्यापूर्वी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या रत्नागिरी येथील कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस एक विनंती आहे. वाडीत बोअर होत असेल तेव्हा तेथे उभे राहून वहीत नोंद करावी: जांभा किती फुटांपर्यंत, माती किती, कातळ कोठे लागला, पाणी कोणत्या फुटावर आले, छिद्र, रॉड व केसिंग किती इंची, केसिंग किती फूट. बोअर कोरडी गेली तरी नोंद करावीच. तिची एक प्रत शेतकऱ्यास व एक ग्रामपंचायतीस द्यावी. त्याच सड्यावर पुढची गाडी येईल तेव्हा केसिंगचे किती फूट आणावयाचे, हे त्या वहीवरून सांगता येईल.