चाकांवरचे डांबर

गेल्या वैशाखात भाच्याच्या मुंजीसाठी आम्ही सहकुटुंब इंदूरहून धुळ्यास गेलो होतो. परतीच्या वाटेवर शिरपूर मागे टाकून सेंधव्याकडे येत असता रस्त्याच्या डागडुजीचे काम चालू असलेले दिसले. ताज्या डांबराचा फवारा मारलेला पट्टा ओलांडल्यावाचून पुढे जाण्यास वाट नव्हती. बारीक खडी उडून मोटारीच्या पोटाखाली तडतडू लागली आणि आम्ही मनातल्या मनात देवाचे नाव घेत तो पट्टा पार केला. पुढे सपाट रस्त्यावर वेग ताशी ८० किलोमीटरच्या आसपास गेला, की स्टिअरिंग थरथरू लागे. त्याचा डांबराशी काही संबंध असेल, हे त्या वेळी आमच्या ध्यानीही आले नाही.

घरी येऊन पाहतो तो चारही चाके काळ्या ठिपक्यांनी माखलेली. आमची मोटार जुनी खरी, पण पहिल्या मालकाच्या हौसेने तिला ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चकचकीत चाके लाभली आहेत. सायकलच्या दिवसांपासून आमची अशी दृढ समजूत, की रॉकेल आणि तारेचा ब्रश यांच्यापुढे कोणताही मळ टिकत नाही. त्याच सायंकाळी, चाके नीट निवलीही नव्हती तोच, आम्ही बाही सरसावून बसलो. डाव्या बाजूच्या पुढच्या चाकावर डांबर अधिक होते, म्हणून तेथे रॉकेलही सढळ हाताने ओतले. डांबर निघाले. त्याबरोबर चाकावरची चकाकीही निघाली, आणि जेथे डाग होता तेथे ओरखड्यांची जाळी उमटली.

एवढ्यावर निभावते, तर हा मजकूर लिहिण्याचे कारणच पडले नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही राजवाड्याकडे निघालो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लहान मुलगी दुधाची बरणी घेऊन रस्ता ओलांडत होती. आम्ही ब्रेक दाबला. नेहमी जेथे गाडी थांबावयाची तेथे ती थांबली नाही. उजवीकडे ओढ खात पुढे सरकली आणि मुलीपासून जेमतेम हातभर अंतरावर उभी राहिली. मुलगी आमच्याकडे पाहून हसली व निघून गेली. तिला काही कळले नाही. आम्हास मात्र स्टिअरिंगवरचे हात उचलवेनात.

टायरांचा व चाकांचा व्यवसाय करणारा आमचा एक जुना विद्यार्थी जवळच आहे. तेथवर आम्ही गाडी स्वतः नेली नाही. त्यालाच बोलावून घेतले. त्याने डावे चाक उतरविले, ब्रेकच्या तबकडीवरून बोट फिरविले आणि ते आमच्यापुढे धरून म्हणाला, "सर, हे काय घातलंत?" वर्गात आम्ही त्याला अनेकदा याच सुरात प्रश्न विचारले असतील.

त्याने सांगितले ते असे. पुढच्या चाकाच्या जाळीआड ओतीव लोखंडाची तबकडी फिरत असते. ब्रेक दाबला, की दोन बाजूंनी पॅड तिला आवळतात, आणि त्या घर्षणावरच गाडी थांबते. तेथे तेलकट थर बसला, की घर्षण सरले. तबकडी ब्रेकसाठी मिळणाऱ्या द्रावणाने पुसता येते. पॅड मात्र तेल शोषून घेतात आणि मग ते बदलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. आमचे पॅड बदलावे लागले, तेही दोन्ही बाजूंचे, कारण एकच बाजू बदलली तर गाडी पुन्हा एकीकडे ओढणार.

मग चाके कशी धुवावीत? त्याचे पहिले सांगणे, डांबर दाट असेल तर चाक उतरवूनच धुवावे. ब्रेक गाडीपाशी राहतो, चाक आपल्यापाशी येते आणि आतली बाजूही हाती लागते. आमच्या चाकाच्या आत खडीसकट डांबराचा मोठा गोळा चिकटलेला होता; स्टिअरिंगच्या थरथरीचे मूळ तोच. एका अंगाला थोडे वजन वाढले, तरी फिरत्या चाकाचा तोल जातो.

डांबराचा स्वभाव ठाऊक असला, की पुढचे सोपे होते. इंदुरात याला डामर म्हणतात, आपण घरात डांबर म्हणतो. पूर्वी ते दगडी कोळशापासून निघे, आज रस्त्यावर पडते ते खनिज तेल शुद्ध करताना तळाशी उरलेले. पाण्याशी त्याचे सख्य नाही, तेलाशी आहे. आपल्याकडील रस्त्यांवर सर्रास वापरले जाणारे व्हीजी-३० जातीचे डांबर सुमारे ४७ अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते. वैशाखातल्या दुपारी रस्ता त्याहून कितीतरी तापलेला असतो. तेव्हा ते चाकाला चिकटते यात नवल नाही, आणि ते खरवडण्यापेक्षा मऊ करणे हाच मार्ग, हेही ओघानेच आले.

चाक गार असावे. प्रथम भरपूर पाण्याने धूळ व वाळू वाहून जाऊ द्यावी, नाहीतर फडकेच पॉलिशकागदाचे काम करते. चाक कोरडे झाले, की खोबरेल वा अन्य खाद्यतेलात भिजविलेली चिंधी डागावर दाबून दहा मिनिटे ठेवावी व पुसावे. घाई करू नये. जाड थर दोन-तीन वेळांत सुटतो. फारच हट्टी असेल, तर दुकानात डांबर काढण्याचे तयार द्रावण मिळते. ते फडक्यावर घ्यावे, चाकावर ओतू नये, आणि रबरास लागू देऊ नये. रॉकेलाने रबर फुगते व कमजोर होते. उचकटण्यास आइसक्रीमची लाकडी काडी पुरे. तारेचा ब्रश सायकलच्या साखळीसाठी राखून ठेवावा. शेवटी साबणाच्या पाण्याने तेलाचा मागमूसही उरू नये असे धुवावे. तेलकट चिंध्यांचा बोळा करून चुलीजवळ टाकू नये, हे गृहिणींस सांगावयास नको.

पुढच्या चाकांवरची तपकिरी-काळी भुकटी हा निराळा मळ. ती ब्रेकची झीज. तीत लोखंडाचे सूक्ष्म कण असतात, आणि थांबविण्याचा भार पुढच्या ब्रेकांवर अधिक, म्हणून तीही तेथेच अधिक. तिच्यावर तेल चालत नाही. त्यासाठी मिळणारे द्रावण लोखंडाला भेटताच जांभळे होते. हा चमत्कार पाहून आम्हास आमच्या शाळेची प्रयोगशाळा आठवली. त्याचा दर्प मात्र उग्र, हातमोजे हवेत, आणि ते चाकावर वाळू देता कामा नये. न्हाणीघर धुण्याचे आम्ल वापरण्याचा मोह काहींना होतो. ते ॲल्युमिनियम खाते.

चाक पुन्हा बसविताना नट समोरासमोरचे, आलटून पालटून आवळावेत व थोडे अंतर चालवून पुन्हा तपासावेत. नंतर रिकाम्या जागी, अगदी हळू चालवून, दोन-तीनदा ब्रेक दाबून पाहावा. हे त्याने आमच्याकडून आमच्याच घरामागच्या मोकळ्या जागेत करून घेतले, आणि तिसऱ्या खेपेस मान डोलावली.

पॅडचे पैसे त्याने घेतले, चाके धुण्याचे घेतले नाहीत. ओरखडे अजून आहेत. ते काढून देण्याची त्याची तयारी आहे. पण राहू द्यावेत, असे आम्हीच म्हटले. खोबरेलाची बाटली सौभाग्यवतींनी फडताळाच्या वरच्या खणात हलविली आहे, आणि ती कुणासाठी हलविली हे विचारण्याचे धाडस आम्ही अद्याप केलेले नाही.